प्रश्न वजनाचा नाही, जागेचा!

प्रतिनिधी

खडकांवरून मुंगीच्या गतीने चढणाऱ्या रिमोटच्या गाड्यांना 'रॉक क्रॉलर' म्हणतात. या छंदात वेगाला मोल नाही, तोलाला आहे. गाडीतले शंभर-दोनशे ग्रॅम कुठे बसवले आहेत, यावर ती कातळ चढून जाते की उताणी पडते, हे ठरते. हा हिशेब समजून घेताना रस्त्यावरच्या मोठ्या गाड्यांबद्दलही बरेच काही कळून येते.

गाडी दिसायला मोठी देखणी होती. मूळ जीपच्या एक दशांश आकाराची. टपावर कॅरिअर, कॅरिअरवर स्टेपनी, पाण्याचा इवलासा कॅन, एक फावडे आणि पुढे लुकलुकणारे चार दिवे. एका मित्राकडून आठवडाभरासाठी उसनी आणलेली ही गाडी टेकडीवरच्या काळ्या कातळासमोर ठेवली आणि रिमोटचा खटका हळूच ओढला. गाडी शिस्तीत चढू लागली. गुडघाभर उंचीच्या खडकाच्या निम्म्यावर पोहोचताच मात्र तिची पुढची चाके अलगद उचलली गेली. क्षणभर ती घोड्यासारखी मागच्या पायांवर उभी राहिली आणि पुढच्याच क्षणी उताणी होऊन खाली आली. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तेच घडले. मोटर कमी पडत नव्हती की टायर घसरत नव्हते. मित्राला फोन केला, तर तो हसून म्हणाला, "अरे, आधी टपावरचं सामान उतरव!"

या छंदाचे निम्मे शास्त्र त्या एका वाक्यात सामावलेले आहे. उरलेले निम्मे समजायला मात्र पूर्ण आठवडा लागला.

वेगाशिवायची शर्यत

खऱ्या जीप घेऊन खडक चढण्याचा खेळ मूळचा अमेरिकेतला. युटा राज्यातील मोआब येथे १९६७ मध्ये सुरू झालेली 'ईस्टर जीप सफारी' आणि कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील 'रुबिकॉन ट्रेल' ही या मंडळींची तीर्थक्षेत्रेच म्हणावी लागतील. त्याच खेळाची ही धाकटी आवृत्ती. सुरुवातीला या कामासाठी तयार गाड्या मिळत नसत. जपानच्या तामिया कंपनीने १९८७ मध्ये 'क्लॉड बस्टर' नावाचा मोठ्या चाकांचा खेळण्यातला ट्रक बाजारात आणला होता. त्याच्या प्रत्येक आसावर स्वतंत्र मोटर होती आणि पुढची-मागची अशी चारही चाके वळत असत. हौशी लोक त्याचेच भाग घेऊन घरच्या घरी क्रॉलर बनवीत. पुढे २००८ च्या सुमारास अमेरिकेतील अ‍ॅक्सिअल कंपनीची खास खडक चढण्यासाठी घडवलेली गाडी आली, २०१७ मध्ये ट्रॅक्सासची 'टीआरएक्स-४' आली आणि हा छंद जगभर पसरला.

स्पर्धेचे स्वरूपही वेगळे असते. खडकांत जोड-खुणा रोवून 'दारे' केलेली असतात. खुणांना धक्का न लावता गाडी त्यांच्यामधून न्यायची. गाडी मागे घेतली, खुणेला लागली की दंडाचे गुण चढत जातात आणि ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजयी. अशा खेळात ताकदीपेक्षा तोल मोठा ठरतो, हे ओघानेच आले.

ओळंबा सोडून पाहा

तोल म्हणजे नेमके काय? गाडीच्या प्रत्येक भागाला वजन असते, पण साऱ्या वजनाचा परिणाम एकाच बिंदूतून होत असल्यासारखा दिसतो. त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. गवंडी भिंतीची रेषा तपासायला ओळंबा सोडतो, तसा एक काल्पनिक ओळंबा या बिंदूतून खाली सोडून पाहावा. तो जोपर्यंत चारही चाकांनी घेरलेल्या जागेत पडतो, तोपर्यंत गाडी उभी राहते. चढावर, उतारावर किंवा आडव्या खडकावर गाडी कलली की ओळंबा एका कडेकडे सरकतो आणि ती कड ओलांडली की गाडी कोलमडते.

म्हणजे गाडी किती अंशांवर उलटेल, हे दोनच गोष्टींवर ठरते. गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि त्या कडेपासून किती लांब आहे. एकूण वजन या हिशेबात कुठेच येत नाही. प्रमाण सारखे असेल, तर अडीच किलोचे मॉडेल आणि दोन टनांची खरी जीप एकाच कोनावर उलटतील. या खेळण्याला खेळणे म्हणून सोडून देता येत नाही, ते यामुळेच.

अमेरिकेचे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन २००१ च्या मॉडेलपासून गाड्यांना उलटण्याच्या धोक्यानुसार जी श्रेणी देते, तिच्या मुळाशी हेच गुणोत्तर आहे. डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यरेषांमधले अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. साध्या मोटारींसाठी हा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो. उंच एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅनसाठी तो १.० ते १.३ च्या घरात असतो. आकडा जितका लहान, तितका उलटण्याचा धोका मोठा.

चढावर भार मागे सरकतो

सपाट जमिनीवर गाडीचा अर्धा भार पुढच्या चाकांवर आणि अर्धा मागच्या चाकांवर आहे, असे समजू. गाडी चढाला लागली की हे चित्र बदलते. गुरुत्वमध्य जमिनीपासून उंच असल्यामुळे चढावर तो मागच्या चाकांच्या डोक्यावर येऊ लागतो आणि पुढची चाके हलकी होत जातात. किती हलकी होतात, याचा ४५ अंशांच्या चढापुरता हिशेब अगदी सोपा आहे. गुरुत्वमध्याच्या उंचीला पुढच्या-मागच्या आसांमधल्या अंतराने भागायचे आणि येणारा आकडा सपाटीवरच्या पुढच्या हिश्श्यातून वजा करायचा. समजा उंची ९२ मिलिमीटर आणि आसांमधले अंतर ३१३ मिलिमीटर आहे. भागाकार आला सुमारे २९ टक्के. सपाटीवर पुढे ५० टक्के भार असेल, तर त्या चढावर पुढच्या चाकांवर उरतो जेमतेम २१ टक्के. उरलेला सगळा मागच्या चाकांवर.

येथे एक शंका येते. क्रॉलरची चारही चाके एकत्र फिरतात. आसावरचे डिफरन्शियल मुद्दामच जखडून टाकलेले असते, म्हणजे एक चाक हवेत गेले तरी बाकीची तीन ओढत राहतात. मग भार पुढे असला काय नि मागे असला काय, एकूण पकड तेवढीच राहणार ना? एकसारख्या, सपाट चढावर हे बव्हंशी खरे आहे. पण खडक एकसारखा नसतो. त्याला पायऱ्या असतात, खाचा असतात. पुढच्या चाकाला उभ्या पायरीच्या अंगावर टायर रोवून स्वतःला वर ओढून घ्यावे लागते. त्या चाकावर भारच नसेल, तर ते नुसते फिरते, मागची चाके मात्र ढकलत राहतात आणि त्या ढकलण्याने गाडीचे नाक आकाशाकडे जाते. शिवाय हलक्या झालेल्या चाकांना वळवले, तरी गाडी वळत नाही. म्हणून जाणकार सपाटीवर ५५ ते ६० टक्के भार पुढे ठेवतात.

स्वयंपाकघरातला काटा आणि एक फळी

हे सारे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एकसारख्या उंचीचे स्वयंपाकघरातले दोन वजनकाटे घेतले. एकावर पुढची चाके, दुसऱ्यावर मागची. पुढे १,३४० ग्रॅम आणि मागे १,४६०. एकूण २,८०० ग्रॅम. म्हणजे पुढे ४८ टक्के भार. देखणी गाडी मुळातच मागे झुकलेली होती.

गुरुत्वमध्याची उंची काढायला एक फळी पुरते. फळीवर खरखरीत पॉलिश पेपर चिकटवावा, म्हणजे गाडी घसरत नाही. गाडी त्यावर आडवी ठेवावी आणि फळीची एक कड हळूहळू उचलावी. वरच्या बाजूची चाके फळी सोडतात, तो कोन कोनमापकाने मोजावा. खाली हात धरून ठेवावा, हे सांगायला नकोच. आमची गाडी ५० अंशांवर उलटली. टायरच्या बाहेरच्या कडांमधले अंतर होते २२० मिलिमीटर. त्याच्या निम्म्याला ५० अंशांच्या टॅनने, म्हणजे सुमारे १.१९ ने भागले की उंची मिळते: साधारण ९२ मिलिमीटर. महामार्ग प्रशासनाचे गुणोत्तर लावले, तर आकडा येतो १ च्या किंचित खाली. उंच एसयूव्हीच्याही एक पायरी खाली!

आधी खाली, मग पुढे

मग एकेक बदल सुरू केला. पहिला बदल मित्राच्या सल्ल्याचा. टपावरचे कॅरिअर, स्टेपनी, कॅन, फावडे असे सगळे उतरवले. हे ओझे अवघे १५० ग्रॅमचे, पण ते जमिनीपासून २१० मिलिमीटर उंचीवर होते. ते जाताच गुरुत्वमध्य ९२ वरून ८५ मिलिमीटरवर आला. दुसरा बदल, पुढच्या दोन्ही चाकांच्या रिमच्या आत प्रत्येकी १२० ग्रॅमचे पितळी कडे. तिसरा बदल, २५० ग्रॅमची बॅटरी मागच्या बाजूच्या उंच खोबणीतून काढून पुढे, मोटरच्या शेजारी आणि ४० मिलिमीटर खाली.

पुन्हा काटे मांडले. एकूण वजन २,८९० ग्रॅम, म्हणजे गाडी ९० ग्रॅमने जडच झाली होती. पण पुढचा भार ४८ वरून ५६ टक्क्यांवर गेला होता आणि गुरुत्वमध्य ७९ मिलिमीटरवर उतरला होता. आडव्या फळीवर ती आता ५४ अंशांपर्यंत टिकली. ४५ अंशांच्या चढावर पुढच्या चाकांवर पूर्वी १९ टक्के भार उरत होता, तो हिशेबाने ३१ टक्के झाला. मागे उलटण्याचा कोन ५८ वरून ६५ अंशांच्या पुढे सरकला. ज्या खडकाने तीन वेळा पाडले होते, तो गाडी पहिल्याच प्रयत्नात चढली.

पण खरा धडा पुढे आहे. भार पुढे सरकवला की उतारावर काय होते? उतरताना नेमका पुढे कोलमडण्याचा धोका असतो आणि भार पुढे असेल, तर तो वाढतो. गुरुत्वमध्य ९२ मिलिमीटरवरच ठेवून नुसता भार ५६ टक्के पुढे नेला असता, तर उतारावर पुढे उलटण्याचा कोन साधारण ६० अंशांवरून ५६ वर घसरला असता. चढावर कमावलेले उतारावर गमावले असते. आमच्या गाडीत मात्र तो कोन ६० अंशांच्या आसपास जवळपास जिथल्या तिथे राहिला. कारण भार पुढे नेताना तो खालीही आणला होता. चढ, उतार आणि आडवी बाजू या तिन्ही ठिकाणी फायदा देणारा उपाय एकच आहे, तो म्हणजे भार खाली आणणे. पुढे नेणे ही देवाणघेवाण आहे. म्हणून क्रम लक्षात ठेवावा: आधी खाली, मग पुढे.

पितळ का आणि किती?

या छंदात पितळेला सोन्याचा मान आहे. त्याचे कारण घनतेत दडलेले आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या एका घनसेंटिमीटरचे वजन २.७ ग्रॅम, तर पितळेचे सुमारे साडेआठ ग्रॅम. आसाच्या टोकाशी, चाकाच्या आत जागा मुळातच थोडी. तेथे तिप्पट जड धातू बसवला, तर तिप्पट भार नेमका हवा त्या ठिकाणी मिळतो. शिसे याहून जड आहे. टायरच्या दुकानात बॅलन्सिंग करताना रिमला चिकटवतात, तशा शिशाच्या पट्ट्याही अनेक जण वापरतात. मात्र शिसे विषारी आहे. मुले हाताळणार असतील त्या गाडीत ते नसलेलेच बरे.

चाकातला भार आणखी एका कारणाने मोलाचा. गाडीची चौकट स्प्रिंगांवर तरंगत असते. गाडी कलली की चौकटही त्याच बाजूला झुकते आणि तिच्यावरचा भार नेमका नको त्या दिशेला सरकतो. चाके आणि आस स्प्रिंगांच्या खाली असल्यामुळे त्यांचा भार असा डोलत नाही. वेगाच्या शर्यतीत हाच भार दोष मानला जातो, कारण जड चाक खड्ड्यावरून उसळले की लवकर खाली येत नाही. क्रॉलर माणसाच्या चालीनेही धावत नाही, त्यामुळे हा दोष येथे जाणवत नाही.

म्हणून पितळ ओतत राहावे असे नाही. चाके जितकी जड, तितका ती वळवणाऱ्या सर्वोवर, आसाच्या दांड्यांवर आणि गिअरच्या दात्यांवर ताण जास्त. मोटर तापते, बॅटरी लवकर संपते. मागच्या चाकांत भरलेले पितळ गाडी खाली खेचते हे खरे, पण पुढे मिळवलेला हिस्साही परत मागे नेते. चारही चाकांत सारखे पितळ भरून गाडी का चढत नाही, असे विचारणारे पुष्कळ असतात. त्यांनी आधी दोन वजनकाटे मांडावेत.

भार अचूक असूनही गाडी एका बाजूला झुकत असेल, तर दोष दुसरीकडे असतो. चौकटीतली मोटर लांब दांड्याने आसाला फिरवते, तेव्हा ती दांडी चौकटीलाही उलट दिशेने पिळते. जोर देताच पुढचे एक चाक हलके होते, ते यामुळे. क्लॉड बस्टरमध्ये मोटरच आसावर असल्याने लांब दांडीच नव्हती आणि मोटरचे वजनही आपोआप खाली आले होते. आज अनेक गाड्यांत 'पोर्टल' आस असतात. मर्सिडीज-बेंझच्या उनिमॉग ट्रकमुळे ही रचना नावारूपाला आली. तीत चाकापाशी आणखी एक गिअरजोडी असते. त्यामुळे आस जमिनीपासून उंच राहतो, दांडीवरचा पीळ कमी होतो आणि गिअरचे जड डबे नेमके चाकाजवळ येतात. मागची स्प्रिंग फार मऊ असली, तरी चढावर गाडी मागे बसते आणि सगळा हिशेब बिघडतो. तेव्हा पितळ विकत घेण्यापूर्वी स्प्रिंग तपासावी. बॅटरी हलवतानाही सावधगिरी हवी. लिथियम-पॉलिमर बॅटरी खडकाचा थेट मार बसेल अशा जागी उघडी ठेवली, तर ती चेपून पेट घेऊ शकते.

छोट्या गाड्यांत हे सारे अधिक तीव्र होते. लांबी, रुंदी, उंची दहापटीने कमी केली, तर वजन हजारपटीने कमी होते. दोन टनांच्या जीपचे एक दशांश मॉडेल या न्यायाने दोन किलोचे व्हायला हवे. एक चोविसांश मॉडेल तर दीडशे ग्रॅमच्याही खाली जाते. प्रत्यक्षात या तळहाताएवढ्या गाड्या पाव किलोच्या आसपास भरतात. त्यांच्यात दहा-वीस ग्रॅम पितळ इकडचे तिकडे झाले, तरी स्वभाव बदलतो. सदनिकेच्या बाल्कनीत चार दगड मांडून हा प्रयोग कोणालाही करता येईल.

टपावरचे ओझे

गाडी परत करायला निघालो, तेव्हा महामार्गावर उसाचा हंगाम जोरात होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर चढ चढत होता आणि त्याची पुढची चाके मधूनच रस्ता सोडत होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर हे दृश्य इतके नेहमीचे झाले आहे, की त्यात कोणाला काही वाटेनासे झाले आहे. पण चाके रस्ता सोडतात तेवढ्या काळापुरते चालकाच्या हातातले स्टिअरिंग केवळ नावापुरते उरते. ट्रॅक्टरच्या नाकावर टांगलेली लोखंडी वजने शोभेची नसतात. आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांतले पितळ जे काम करते, तेच ती करतात. मागचा भार मर्यादेबाहेर गेला की मात्र ती वजनेही अपुरी पडतात.

वडापच्या जीपच्या टपावर माणसे आणि पोती चढवली जातात, तेव्हाही तेच घडते. आमच्या गाडीच्या टपावर एकूण वजनाच्या जेमतेम पाच टक्के ओझे होते आणि तेवढ्याने गुरुत्वमध्य सात मिलिमीटर वर गेला होता. दोन टनांच्या जीपच्या टपावर चार-पाच माणसे बसली, की त्याहून तिप्पट हिस्सा टपावर जातो. घाटातल्या वळणावर ही जीप रिकाम्या जीपसारखी वागेल, असे समजून चालवणाऱ्याला कोणी फळीवरचा कोन मोजून दाखवलेला नसतो. गाडी किती वजन 'ओढते', एवढेच तो जाणतो. ते वजन कुठे बसले आहे, हा प्रश्न त्याला पडत नाही.

मित्राला गाडी दिली, सोबत कागदावर मांडलेले आकडेही दिले. त्याने ते शांतपणे वाचले. मग टपावरचे कॅरिअर हातात घेऊन म्हणाला, "हे आता फक्त फोटोपुरतं." पितळी कडी मात्र त्याने चाकांतच राहू दिली.